मंजुरीचा रकाना

खापरखेड्याच्या वीज केंद्रात धम्मानंदांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. बॉयलरचे, पाइपलाइनचे, राखेच्या तलावाच्या बांधाचे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन रकाने असायचे: काढणार, तपासणार, मंजूर करणार. साहेब येत-जात राहिले, खालची नावं बदलत राहिली, पहिल्या रकान्यात मात्र धम्मानंदच. तिसऱ्यात सही करायची पाळी आपल्यावर कधी येणार नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

म्हणून लेक नंदिनी शहरात सदर भागातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागली, तेव्हा निवृत्त बापाने तिला रोमन साम्राज्याचा नकाशा काढून दिला. जुन्या ट्रेसिंग कापडावर, काळ्या शाईने, चांगला सहा फूट लांब. इकडे ब्रिटन, तिकडे इराणचं आखात, वर ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्या, खाली सहाराची वाळू. साम्राज्याची हद्द त्यांनी दुहेरी रेघेने काढली, कारण राखेचा बांध ते तसाच काढत आले होते. आठ महिने लागले. कोपऱ्यात तीन रकाने आलेच. काढणार, धम्मानंद. तपासणार, नंदिनी. तिसरा कोरा.

"पर्मनंट झाली का तिथं तू सही करजो," ते म्हणाले.

"इतिहासाच्या नकाशाले मंजुरी लागत नाही बाबा."

"लागते वं. सगळ्यालेच लागते."

नंदिनी तासिका तत्त्वावर होती. म्हणजे शिकवला तेवढा तास आपला, बाकी दिवस कोणाचाच नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज. नेट झाली, पीएच.डी. झाली, केस पिकले, आणि चौदा जून गेले. प्रत्येक वर्षी ती तो नकाशा उलगडून मुलांना सांगायची की टायबर नदीकाठच्या एका गावाने एवढं सगळं गिळलं. सम्राट ट्रेजन इराणच्या आखातापर्यंत पोचला, तिथे हिंदुस्थानला निघालेलं जहाज पाहून हळहळला, की आता वय राहिलं नाही, नाहीतर तिकडेही गेलो असतो. दोनएक वर्षांत तो मेला आणि पुढच्या सम्राटाने पूर्वेकडचे नवे प्रांत सोडून दिले. "पण भिंतीवर नकाशा कोणता टांगतात?" ती विचारायची. "दोन वर्षं टिकलेलाच."

मग कायम जागा निघाली, इतिहासाची, एक, खुल्या प्रवर्गातली. धम्मानंदांनी कपाटातून जुना पेन काढून धुऊन ठेवला.

त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांची सून मयुरा विभागात तासिकेवर आली होती. पोरगी गोड. "ताई, ताई" करत नंदिनीच्या तासाला मागच्या बाकावर बसायची, टिपणं काढायची, डब्यातली साबुदाण्याची खिचडी पुढे करायची. नंदिनीने तिला सगळं दिलं. टिपणं दिली, संदर्भ दिले, ट्रेजनचं जहाजही दिलं. नकाशा तर विभागातच टांगलेला असे.

मुलाखतीला नमुन्याचा तास घ्यायचा होता. मयुराचा नंबर आधी लागला. नंदिनी बाहेर बसून आपलाच तास दारातून ऐकत होती. जहाज आलं, हळहळ आली, "दोन वर्षं टिकलेलाच" हेही आलं, आणि आत कौतुकाचा हशा पिकला. नंदिनी आत गेली तेव्हा समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं.

"नकाशा तोच, विषय तोच. वेगळं काही आहे का?"

"सर, हा नकाशा माझ्या वडिलांनी काढला आहे."

"घरचं नको मॅडम, विषयावर बोला." मग फाइल चाळत तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही राखीव जागा निघेपर्यंत थांबला असता, तर बरं झालं असतं. तुमची हक्काची असते ती."

नंदिनी वीस मिनिटं बोलली. काय बोलली, ते तिला नंतर आठवेना.

जागा मयुराला मिळाली. घरी तिने नेमणुकीची ऑर्डर यायला वेळ लागून राहिला एवढंच सांगितलं. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, पण पेन धुऊन ठेवलेला बाप समोर बसला होता. तीन महिने ती रोज डबा घेऊन उरलेसुरले तास घ्यायला निघत राहिली. शेवटी मयुराकडे पूर्ण वेळेचे तास गेले आणि नंदिनीला उरला नाही एकही. शिपायाने नकाशा गुंडाळून, सुतळी बांधून हातात दिला. तिने तो तसाच काखेत मारला आणि खापरखेड्याची बस धरली.

"आणला का?" धम्मानंद उठून बसले. "ऑर्डर आली म्हणजे. उलगड."

"बाबा, थांबा. मले काही सांगाचं हाये."

पण त्यांनी सुतळी सोडलीसुद्धा. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बोट सवयीने उजव्या कोपऱ्याकडे गेलं. तिसऱ्या रकान्यात निळी सही होती आणि वर जांभळा शिक्का.

"केली वं सही!" त्यांचा आवाज चिरकला. "मले न सांगता केली. शिक्का बी मारला. तुही माय असती तं..."

नंदिनीनेही ती सही आताच पाहिली. गेल्या महिन्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती. फाइलीत, तक्त्यावर, कुठेच कोरा रकाना दिसू नये, असा हुकूम निघाला होता. मयुराने निरागसपणे सगळीकडे सह्या केल्या असणार. तिचा राग यावा एवढाही दुष्टपणा त्यात नव्हता, आणि म्हणूनच नंदिनीला तिचा भयंकर राग आला.

म्हाताऱ्याने भिंग काढलं. अक्षर अक्षर लावलं.

"म... यु... रा." ते थांबले. "मयुरा कोण वं?"

नंदिनीने सगळं सांगितलं. मुलाखत, राखीव जागेचं बोलणं, ऑर्डरचं रोजचं खोटं.

"ब्लेड दे," मग ते म्हणाले.

ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ ड्राफ्ट्समन ब्लेडने खरवडतो. नंदिनीला बरं वाटलं. तिने कपाटातून ब्लेड आणून दिलं आणि त्यांचा हात धरून सहीवर नेला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पहिल्या रकान्यावर टेकवला.

"बाबा, ते तुमचं नाव हाये."

"मले दिसते."

काळी शाई भुकटी होऊन निघत होती. कापड कुठे फाटलं नाही. 'धम्मानंद' गेल्यावर त्यांनी भुकटी फुंकली.

"ते सही राहू दे," ते म्हणाले. "मंजूर त्याहीनंच केलं न. मंग काढणारा बी त्याहीचाच पाह्यजे."

त्यांनी ब्लेड नंदिनीपुढे सरकवलं.

"तुहं नाव तू खोड. आता मले दिसत नाही."