दुखतंय तोवर

“मोजा कापू नकोस,” मामा म्हणाले. “चांगला आहे अजून.”

कंपाउंडरची कात्री क्षणभर थांबली, मग चाललीच. लोकरीचा मोजा उभा फाटला आणि मामांचा डावा पाय बाहेर आला. घोट्याच्या थोडं खालपर्यंत तो मामांचा होता. तिथून पुढे मेणाचा. कंपाउंडरने अंगठ्यावर नखाने टकटक केलं. दारावर केल्यासारखा आवाज आला.

“कशानं झालं हे?”

“रॉकेल सांडलं.”

“कधी?”

“सकाळी. स्टोव्ह भरताना. वारा होता.”

“आणि आता सांगताय? दिवस मावळायला आला!”

“मग तुमचं जेवण कोण करणार होतं? तुझा बाप?”

पाणी थंड होत जातं आणि शून्याला थिजून थांबतं. रॉकेल थांबत नाही. उघड्यावर पडलेल्या डब्यातलं रॉकेल बाहेरच्या हवेइतकंच थंड होतं, उणे तीसला पोचलं तरी पाण्यासारखं वाहतं, आणि बुटाच्या शिवणीतून आत शिरतं. मामांना वाटलं, वाळेल. सुरुवातीला चटका बसल्यासारखं झालं, मग काहीच जाणवेना, तेव्हा पाय बरा झाला असं धरून ते दिवसभर त्यावर उभे राहिले. गप्प बसण्यामागे आणखीही एक कारण होतं. पुढच्या आठवड्यात त्यांची रजा सुरू होणार होती. त्यांची लेक बाळंत झाली होती आणि नात त्यांनी अजून पाहिली नव्हती. आजारी म्हणून नाव गेलं की आधी इस्पितळ, रजा पुढच्या हंगामात.

मामा कुणाचेच मामा नव्हते. तळावरच्या पाच जणांत ते वयाने मोठे आणि स्वयंपाकी, एवढंच. कंपाउंडरही कंपाउंडर नव्हता. लढाई सुरू होण्याआधी तो औषधांच्या दुकानात चिठ्ठी वाचून गोळ्या द्यायचा. सैन्याने त्याला काही आठवडे शिकवलं, लाल खुणेची पेटी दिली आणि इथे पाठवलं. ‘इथे’ म्हणजे डोंगराच्या कुशीत बर्फ खणून रोवलेला एक तंबू, वर धार, धारेवर आपली चौकी, आणि तिच्या पलीकडे शत्रू. खालच्या मुक्कामापासून वरच्या चौकीपर्यंत निरोप आणि सामान पोचवायचं, हे या तळाचं काम.

बाकी सगळा दिवस जिवंत राहण्यात जायचा. रात्रीतून तंबू अर्धा गाडला जायचा, तो उकरून काढायचा. पातेलंभर बर्फ वितळवला की तळाशी वाटीभर पाणी दिसायचं, पुन्हा बर्फ भरायचा. पाव करवतीने कापायचा. वायरलेसवाल्या पोपटाने बॅटरी सदऱ्याच्या आत पोटाशी बांधलेली असायची, कारण गारठलेली बॅटरी मुकी होते. “सहावा महिना लागला,” असं तो पोट थोपटत म्हणायचा.

आणि बूट. सगळ्यांचे बूट रात्री मामांच्या ताब्यात असत. ते स्टोव्हपासून वीतभर अंतरावर मांडायचे, अधूनमधून फिरवायचे. “गार बुटात बोटं जातात, तापलेल्या बुटात घाम येतो आणि मग बोटं जातात,” असा त्यांचा सिद्धांत होता. “बूट कोमट हवा.” सकाळी एकेक जोडी ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे आणि शाळेत पोरं धाडावीत तसं म्हणायचे, “चला, निघू दे स्वारी.”

त्या संध्याकाळी पोपटाने खाली निरोप दिला. उत्तर यायला वेळ लागला.

“उद्या सकाळी हेलिकॉप्टर येतंय,” कानावरचा हेडफोन काढत तो म्हणाला.

“नक्की?” कंपाउंडरने विचारलं.

“नक्की म्हणाले.”

“परत विचार.”

पोपटाने परत विचारलं. “अरे, नक्की म्हणतायत. आभाळ मोकळं राहणार आहे.”

तळाचा प्रमुख हवालदार कंपाउंडरकडे वळला. “आता तू बोल. हे तुझं खातं.”

कंपाउंडरला शिकवणीतलं एक पान तोंडपाठ होतं. गोठलेल्या पायावर माणूस चालू शकतो. वितळवलेल्या पायावर चालू शकत नाही. तो सुजतो, फोड येतात, बुटात मावत नाही. म्हणून चालत जायचं असेल तर पाय तसाच ठेवायचा. उचलून नेणार असतील तर जितक्या लवकर वितळवाल तितका जास्त वाचेल. आणि एकदा वितळलेला पाय पुन्हा गोठू द्यायचा नाही, कारण मग काही उरत नाही. त्याने हे सगळं सांगितलं.

“बटाट्यासारखं,” मामा म्हणाले. “एकदा गोठून सुटला की पिळपिळीत, पण रश्शात चालतो. दुसऱ्यांदा गोठला की फेकायचा.”

“तसंच.”

“मग राहू दे. चालत आलोय, चालत जाईन. दोन दिवसांची तर वाट आहे.”

“मामा, दोन दिवस असाच राहिला तर घोट्यापासून कापतील. आज वितळवला तर बोटांवर निभावेल. हेलिकॉप्टर येतंय ना उद्या!”

मामांनी स्टोव्हकडे पाहिलं. “रॉकेल किती जाईल?”

“जाऊ दे जाईल तेवढं,” हवालदार म्हणाला.

“बरं,” मामा म्हणाले. “तू म्हणतोस तर.”

पाणी अंगापेक्षा जरासंच ऊन हवं होतं. पेटीत तापाचा थर्मामीटर होता. कंपाउंडरने तो पातेल्यात धरला, पारा माणसाला बेताचा ताप असावा तिथे थांबला. मामांनी तरीही बाही वर करून कोपर बुडवून पाहिलं. “हां. बाळाला चालेल.”

बराच वेळ काही झालं नाही. पाणी निवायचं, कंपाउंडर नवं ओतायचा. मग मामांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला.

“दुखतंय का?”

“दुखतंय का म्हणे! अरे, तुझ्या खानदानाला...” आणि पुढे मामांनी ज्या शिव्या दिल्या त्या पोपटाने नंतर आदराने पाठ केल्या. तळावरच्या पैलवानाने, ज्याच्या अंगात चौघांचं बळ होतं, मामांना मागून कव घालून धरलं आणि स्वतःच डोळे मिटून घेतले.

कंपाउंडर मात्र हसत होता. पायावर गुलाबी रंग चढत होता. “द्या शिव्या, मामा, अजून द्या. दुखतंय तोवर पाय तुमचा आहे. दुखायचं थांबलं तर मला पहिलं सांगायचं. पहिलं! कळलं?”

“कळलं रे, मेल्या.”

सकाळी पायावर टपोरे फोड होते, आत स्वच्छ पाणी. चांगली खूण. मामांनी साठवून वाळवलेला चहाचा चोथा पैलवानाने बाहेर बर्फावर पसरून हेलिकॉप्टरसाठी मोठा तपकिरी गोल काढला. गोल काढून तो उभा राहिला आणि त्याला गोलाची दुसरी बाजू दिसेनाशी झाली.

धुकं दिवसभर हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैमानिकाला जमीन दिसल्याशिवाय तो उतरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जो तो निमित्त काढून बाहेर जायचा आणि वर बघून यायचा. कंपाउंडर सर्वांत जास्त वेळा गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे धारेवरचा गोळीबार वाढला आणि एकदम थांबला. पोपट हेडफोन कानाशी दाबून ऐकत राहिला.

“वरची चौकी गेली,” तो म्हणाला. “आपल्याला खाली उतरायला सांगतायत. लगेच. धुकं आहे तोवर.”

ज्या धुक्याने हेलिकॉप्टर अडवलं होतं, आता त्याच्याच आडोशाने निघायचं होतं.

“साहेब, एक दिवस,” कंपाउंडर म्हणाला. “एकच दिवस थांबलो तर...”

“धुकं उठलं की ते वरून आपल्याला मुंग्यांसारखं टिपतील,” हवालदार म्हणाला. तो कंपाउंडरकडे बघत नव्हता. “आणि रॉकेल आजचंच आहे.”

कंपाउंडरने पायाकडे पाहिलं. सुजून तो दीडपट झाला होता. तीन दिवसांपूर्वी, लाकडासारखा असताना, याच पायावर मामा दिवसभर उभे राहिले होते. कुणी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

“चला,” मामाच शेवटी म्हणाले. “दुसऱ्यांदा गोठल्यावर बटाटा खरंच फेकावा लागतो का, ते तरी कळेल.”

हवालदाराने सामान ओढायची पत्र्याची घसरगाडी मामांसाठी मोकळी केली.

बाकीचे सामान बांधत असताना मामा बसल्या बसल्या सरकत स्टोव्हपाशी गेले. बूट मांडले. फिरवले. मग रोजच्यासारखी एकेक जोडी दिली. हवालदाराला, पोपटाला, पैलवानाला. कंपाउंडरची जोडी त्यांनी बाजूला सारली. तिचा तळ आठवड्यापूर्वी सुटला होता आणि तारेने आवळलेला होता. त्यांनी स्वतःची जोडी पुढे केली.

“घाल.”

“मी नाही घालणार.”

“मग मी घालू? डोक्यात?”

“मामा...”

“माप एकच आहे. मी कधीच बघून ठेवलंय. गपचूप घाल. तारेचे बूट घालून गाडी ओढशील तर दोघंही दरीत जाऊ.”

कंपाउंडरने बूट घातले. डाव्यातून रॉकेलचा वास आला.

“चला,” मामा म्हणाले. “निघू दे स्वारी.”

घसरगाडीवर मामांना बांधलं. पायाला कापूस, त्यावर दोन कांबळी, त्यावर पोपटाची लोकरी टोपी, गरम पाण्याची रबरी पिशवी. पैलवान आणि कंपाउंडरने दोर खांद्यावर घेतले.

पहिल्या थांब्याला पिशवी बर्फाइतकी गार झाली होती. कंपाउंडरने कोटाची, सदऱ्याची बटणं काढली आणि मामांचा पाय आपल्या उघड्या पोटाला लावून धरला. मामा ओरडले, शिव्या दिल्या, आणि कंपाउंडरला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

मग उघडा उतार आला. इथे दगड नव्हता, वळण नव्हतं, एका बाजूला सरळ धार दिसावी असा लांबच लांब पांढरा उतार. धुकं विरळ होऊ लागलं होतं.

“आता खालच्या कड्याच्या आडोशाला पोचेपर्यंत कुणी थांबायचं नाही,” हवालदार हळू आवाजात म्हणाला. “कशासाठीही नाही.”

ते निघाले. वाऱ्याने बर्फाची भुकटी उडत होती. कंपाउंडर मान न वळवता विचारायचा.

“मामा, दुखतंय का?”

“तुझ्या आयला, दुखतंय!”

मधल्या उंचवट्यांवर दोर खांद्यात रुतायचा. श्वास नाकातच थिजायचा.

“मामा, दुखतंय का?”

“दुखतंय. गप ओढ.”

धुक्यातून वरच्या धारेची कड क्षणभर दिसली आणि गेली. सगळ्यांनी पाहिली. पैलवानाने वेग वाढवला.

“मामा, दुखतंय का?”

थोडा वेळ नुसता पत्रा बर्फावर घासल्याचा आवाज आला.

“दुखतंय, दुखतंय,” मामा म्हणाले. “खूप दुखतंय. चाल तू.”

आवाज शांत होता. शिवी नव्हती, धाप नव्हती. सकाळी बूट हातात देताना असायचा, अगदी तोच आवाज.

कंपाउंडर थांबला. दोर सैल पडला. पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं. पुढून हवालदाराने हात केला, चला. उतार अजून अर्धा बाकी होता.

“काय झालं?” मागून मामा म्हणाले. “अरे, डाव्या टाचेवर भार दे. तो बूट जरा सैल आहे.”

कंपाउंडरने दोर आवळला आणि डाव्या टाचेवर भार दिला. बूट आतून अजून कोमट होता.