दोघा भावांनी ओढलेली शाल

मी सत्काराची शाल बोलतेय. खांद्यावर पडल्या पडल्या तुम्ही जिला घडी घालून मागच्या माणसाकडे देता, तीच. फोटो निघेपर्यंत माझा मान, नंतर मला कुत्रं विचारत नाही. तेव्हा माणसांबद्दल मी गोड बोलेन, ही आशा सोडा.

उमरग्याजवळच्या एका गावात रणधीर सरपंच झाला, तेव्हा धाकट्या कुलदीपनं मला त्याच्या खांद्यावर घातलं. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं, लक्ष्मीबाईनं, दोघांना गुलाल फासला. त्याचा डाग माझ्या काठाला बसला, तो अजून गेलेला नाही.

पुढं दोघांचा पक्ष फुटला. रणधीर सत्तेकडं गेला, कुलदीप विरोधात राहिला, आणि घराच्या मधोमध भिंत आली. मुंबईतले पुढारी एकमेकांच्या लग्नात जेवत होते. हे दोघे मूर्ख मात्र बोलेनासे झाले. मी रणधीरच्या जीपमध्ये, इतर शालींच्या गठ्ठ्यात पडून होते.

यंदा उमरग्यात मिशनच्या दवाखान्याचा वर्धापनदिन झाला. पाहुणे म्हणून बिशप आले, आणि पुढारी म्हणून हे दोघे भाऊही. गुडघ्याच्या औषधाला येणाऱ्या लक्ष्मीबाईनं त्यांना आधीच गाठलं.

"फादर, माझी लेकरं एकमेकाचं तोंड बघंनात. तुमी सांगून बघा."

बिशप बोलले ते देशाबद्दल. "विरोधकाला शत्रू म्हटलं की बोलणं संपतं," ते म्हणाले. "सत्तेतल्यांनी आणि विरोधातल्यांनी एकत्र बसावं. जिंकलेल्यानं आधी हात पुढं करावा, हरलेल्यानं तो झिडकारू नये."

सगळ्यात जोरात टाळ्या या दोघा भावांनीच वाजवल्या. दुसऱ्याचे कान उपटले, असं प्रत्येकाला वाटत होतं. ढोंगी कुठले.

सत्काराची वेळ आली. "मला दोघा भावांनी मिळून शाल घाला," बिशप म्हणाले. शाल रणधीरकडून होती. त्याच्या ड्रायव्हरनं गठ्ठ्यातून हाताला लागली ती आणली, ती नेमकी मी.

एक टोक रणधीरच्या हातात, दुसरं कुलदीपच्या. कुलदीपला गुलालाचा डाग दिसला.

"ही म्या तुला घातलेली," तो म्हणाला. इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"शाल हाय ती. सगळ्या सारख्याच."

"मग माझी मला दे."

"लोकं बघायलेत. सोड."

"तू सोड."

कुणीच सोडलं नाही. मी मधोमध फाटले, आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.

देशाला सांगायला बिशपांकडं पुष्कळ होतं. या दोघांना सांगायची वेळ आली, तेव्हा ते खुर्चीत जाऊन बसले. लक्ष्मीबाई स्टेजवर चढली, माझे दोन्ही तुकडे उचलले आणि घरी नेऊन शिवले.

तेव्हापासून ती मला पांघरून भिंतीजवळ, दोन दारांच्या मधल्या पायरीवर बसते. आज आतून दोन्हीकडून हाका आल्या. "आई, ते चिंधूक टाक आन् जेवायला ये."

"दोघं मिळून बलवा, मग येते," ती म्हणाली.

ताटं वाढलेली आहेत. दोघेही आपापल्या उंबऱ्यात उभे आहेत, दुसरा आधी बाहेर येतो का ते बघत. तुम्ही कुणी तिकडून जात असाल, तर त्यांना धरून बाहेर ओढा. म्हातारीला थंडी वाजतेय, आणि मला कुणी ऊब द्यायला विणलेलंच नाही.