पाहुण्याला कोरे टायर

माझ्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढं ठिगळ आहे. त्याच्या तीन कडा निळ्या दोऱ्याने शिवल्या आहेत आणि चौथी पांढऱ्या. निळे टाके बारीक आणि सारख्या अंतरावर आहेत. पांढरे थोडे तिरके, घाईने घातलेले वाटतात. निळा दोरा चौथ्या कडेच्या सुरुवातीलाच संपला होता. तो मुळात माझ्यासाठी आणलेलाच नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण माणसांनी पांघरायची नव्हे. शर्यतीच्या गाडीच्या टायरला मला पांघरतात. थंड टायर रस्ता धरत नाही, पहिल्याच वळणावर घसरतो. म्हणून गाडी बाहेर पडण्यापूर्वी तासभर आम्ही टायरला मिठी मारून बसतो. माझ्या दोन पदरांच्या मध्ये तांब्याची तार नागमोडी शिवलेली आहे. तिच्यातून वीज गेली की मी तापते आणि माझी ऊब टायरमध्ये उतरते. माझं खरं नाव लांबलचक आहे. गॅरेजमधले हेडमेस्त्री मला पहिल्या दिवशीच "ही गोधडी इकडे आणा रे" म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

आम्ही चार बहिणी एकाच कारखान्यात, एकाच शिलाई मशीनवर जन्मलो. चार चाकांना चौघी. मी मागच्या डाव्या चाकाची. आमचा संघ साधासुधा नव्हता, अख्ख्या देशाचा होता. गाडीवर देशाचे रंग होते, मेस्त्री देशाचे होते, पाना-पक्कडसुद्धा देशातच घडवलेली होती. गाडी चालवणारा मात्र परदेशातून आणला होता. सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत. माणूस मनमिळाऊ होता आणि गाडी सुंदर चालवायचा. तो जिंकला की मेस्त्री मला झटकून, घडी घालून, "शाब्बास गोधडे" म्हणायचे. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

राखीव चालक म्हणून एक मुलगी होती. आमच्याच गावगल्लीतून, लहान मुलांच्या छोट्या शर्यतगाड्यांपासून शिकत वर आलेली. चणीने लहान, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. चाचण्यांना पाहुण्यांच्या पाठोपाठ तीही गाडी चालवायची. शर्यतीला मात्र पाहुणेच बसायचे आणि बारकी गाडीशी बोलायचं यंत्र कानाला लावून ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी उभी राहायची.

आता मला स्पर्शाने कळतं ते सांगते. कोऱ्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, ते टोचतात. वापरलेल्या टायरच्या अंगाला वाळू आणि रबराचे तुकडे चिकटलेले असतात, तो खरखरीत लागतो. टायर एकदा तापून थंड झाला की त्याचं रबर आतून बदलतं. पुन्हा कितीही ऊब दिली तरी पहिली पकड त्याला परत येत नाही. हा रबराचा स्वभाव आहे, त्यात लाडीगोडी चालत नाही.

आमच्याकडे चाचणीला कोरे टायर मोजकेच यायचे. ते पाहुण्यांना लागायचे. पाहुणे थांबले की तेच टायर उतरवून बारकीला. "पाहुण्यांना नवं द्यावं," मेस्त्री म्हणायचे, "घरचं माणूस काय, चालवून घेतं." त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. घरी आपण पाहुण्याला कोरी चादर काढतो ना, अगदी तसं. पुढे पाहुण्यांसाठी नव्या गोधड्या आल्या, तेव्हा आम्ही जुन्या बहिणीही बारकीच्या वाट्याला गेलो. माझा कोपरा जळून तार उघडी पडली, तरी कुणी लक्ष दिलं नाही.

बारकीने दिलं. संघात ज्याला शर्यत मिळते त्याचं नाव पोशाखावर निळ्या दोऱ्याने शिवतात. तिने तो दोरा केव्हाचा आणून ठेवला होता. एका दुपारी तिने तोच सुईत ओवला आणि मला मांडीवर घेतलं.

"अगं, तो तर नावाचा दोरा!" मेस्त्री ओरडले.

"नाव लागेल तेव्हा लागेल, मेस्त्रीकाका. टायर आज गार पडताहेत."

संघाचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांच्यापाशी तिचा विषय निघाला की एकच उत्तर यायचं. "बघू." वर्तमानपत्रं लिहायची, देशाच्या संघाने देशाचाच चालक घ्यावा. दादा म्हणायचे, "देशाचा संघ आहे म्हणूनच जिंकणारा हवा. वेळेचे आकडे बघा, बारकी मागे आहे." आकडे खोटे नव्हते. ते कोणत्या टायरवरचे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मग ती सकाळ आली. रविवारच्या शर्यतीसाठी आणि पुढच्या वर्षासाठीही एकच नाव संध्याकाळपर्यंत आयोजकांना फोनवर कळवायचं होतं. मला चाकावर गुंडाळता गुंडाळता बारकी मेस्त्रींना म्हणाली, "थोरला भाऊ त्याच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात बोलावतोय. आज नाव लागलं नाही, तर मी जाते."

"रागावलीस होय?"

"रागाने नाही. वय थांबत नाही."

तेवढ्यात दादा चहाचा कप घेऊन आले. बारकी उठून उभी राहिली. "दादा, एक विचारू? कोऱ्या टायरवर गाडी कशी जाते?"

"म्हणजे काय? तुला माहीत नाही?"

"नाही. मी कधी गेलेच नाही."

दादांचा कप तोंडापाशीच थांबला. त्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री हातातला फडका उगाचच पिळू लागले. "आता... घरचीच पोरगी... म्हटलं, समजून घेते."

"घेते ना," बारकी म्हणाली. "पण आकडे समजून घेत नाहीत."

"म्हणजे तुला झुकतं माप हवंय," दादा जरा तडकून म्हणाले.

"झुकतं नको. सरळ द्या. मग मागे पडले तर मी स्वतः पाहुण्यांचं नाव कळवते."

कोपऱ्यात बूट बांधत बसलेल्या पाहुण्यांनी मान वर केली. आमची भाषा ते तोडकीमोडकी बोलायचे. "दादा, माझ्या देशात मी घरचा. तिकडे पण कोरे टायर पाहुण्याला." ते हसले. "म्हणून मी इकडे आलो. पाहुणा झालो."

मेस्त्री इतके खो-खो हसले की फडका खाली पडला. दादा हसले नाहीत. एकुलता एक कोरा संच भिंतीशी उभा होता. त्यांनी तो बोटाने दाखवला. "हिला लावा."

माझ्या जुन्या अंगाला कित्येक दिवसांनी ते रबरी केस टोचले. मी ठरवलं, आज कसर ठेवायची नाही. ठिगळाखालच्या तारेसकट मी तापले. शेजारच्या तापमानाच्या काट्यावर अंश हळूहळू चढत गेले आणि चारही चाकांवर सारखेच स्थिरावले. मग बारकीने मला सोडवलं आणि गाडी गेली.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की ती पाहुण्यांच्या पुढे गेली. नाही गेली. पहिल्या वळणाला तिने ब्रेक फारच लवकर लावला, कारण इतकी पकड तिच्या पायाला ठाऊकच नव्हती. दुसऱ्या फेरीत ती शिकली. तिसऱ्या फेरीत पाहुण्यांच्या कोऱ्या टायरवरच्या कालच्या वेळेत आणि तिच्या वेळेत पापणी लवण्याइतकंच अंतर राहिलं. पण राहिलं.

ती उतरली, हेल्मेट काढलं, पडद्यावरचा आकडा वाचला. घाम पुसून शांतपणे म्हणाली, "झालं, दादा. फरक आहे. पाहुण्यांचं नाव द्या."

"थांब, थांब," पाहुणे म्हणाले. "मी कोऱ्या टायरवर किती वर्षं? ती किती? तीन फेऱ्या!"

"पण मागेच ना," बारकी म्हणाली. बोलल्याप्रमाणे तिने दादांच्या फोनसाठी हात पुढे केला.

दादांनी फोन दिला नाही. ते माझ्याजवळ आले, वाकले, आणि माझ्या कोपऱ्यावरच्या निळ्या टाक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. पांढऱ्या टाक्यांपाशी तो थांबला.

"हे कुणी शिवलं?"

"तिनेच," मेस्त्री म्हणाले. "नावाच्या दोऱ्याने."

मित्रांनो, दादा टाके न्याहाळताहेत तोवर माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरात, वर्गात, मैदानावर कुणी तरी असेल, जे न कुरकुरता जुन्यावर भागवतं. त्याला मागे म्हणण्यापूर्वी त्याच्या पायाखाली काय दिलं होतं, ते एकदा हात लावून पाहा. आपल्या माणसाला आपलं म्हणून उचलून धरू नका, पण आपलं म्हणून उरलंसुरलंही देऊ नका. वस्तूंचंही तसंच आहे. मी वेळेवर शिवली गेले, म्हणून आजही तापते.

दादा सरळ उभे राहिले. आता "बघू" हाच शब्द येणार, हे गॅरेजमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. मेस्त्रींनी तर फडका उचलून कामाला सुरुवातही केली. दादांचे ओठ त्याच शब्दासाठी मिटले, आणि तसेच क्षणभर मिटलेले राहिले.

"तीन फेऱ्यांत हिने एवढं अंतर तोडलं," ते म्हणाले, "आणि इतकी वर्षं मी ते तोडू दिलं नाही. रविवारी गाडी बारकी चालवेल, पुढच्या वर्षीही तीच. मेस्त्री, निळ्या दोऱ्याचं रीळ आणा."