पाहुण्यांची प्लेट

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत मागच्या आठवड्यात तपासायला आलेली सगळीच्या सगळी औषधं चमकली. मालक कॅल्विन सरांनी लगेच केबिन रोडवरून पेढे मागवले. पंचशीलाने आपला पेढा तसाच ठेवला. चमकायचं खरं कारण तिला ठाऊक होतं.

पेशींमध्ये जेलीफिशचं एक प्रथिन घातलेलं असतं. औषधाने पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूला, डिवचलं, की आत कॅल्शियम वाढतं आणि ते प्रथिन एकदाच लखकन उजळतं. पण पेशी फाटली तरी कॅल्शियम आत घुसतंच, आणि साबणाने पेशी फाटते. या पेशी ज्यात ठेवतात, ती खळग्याखळग्यांची प्लेट एकदा वापरून फेकायची असते. इथे सरांच्या हुकमाने ती भांड्यांच्या साबणाने धुऊन पुन्हा मांडली जायची. पंचशीलाने अशा धुतलेल्या प्लेटमधला औषधच न घातलेला एक खळगा तपासला. तोही झळकला.

"आज नोकरी पक्की झाल्याचं, कन्फर्मेशनचं लेटर मिळणारेय ना तुला?" शेजारच्या टेबलावरचा लोकेश कुजबुजला. "मग मौन पाळ. विपश्यनेला बसलीयस समज."

तेवढ्यात सुरुची मॅडम आल्याच. तपासायला आलेली औषधं त्यांच्याच कंपनीची. "एकदा डोळ्यांदेखत चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

"का नाही! पंचशीला, ती नवी प्लेट काढ."

कोरी प्लेट एकच होती. घरातल्या चांगल्या कपबश्यांसारखी पाहुण्यांसाठी राखलेली.

पंचशीलाने मनात हिशेब केला. नवी प्लेट म्हणजे साबण नाही, आणि साबण नाही म्हणजे उजेड नाही.

"सर, जुनीच घेऊ?"

"पाहुण्यांसमोर?" सर दुखावले.

तिने दिवे मालवले. पेशी आणि औषधं भरलेली प्लेट उजेड मोजणाऱ्या मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर रेषा उमटू लागल्या. ज्याचा परिणाम आधीच सिद्ध झाला होता, त्या पडताळणीच्या औषधाची रेषा टुणकन उसळली. बाकी सगळ्या आडव्या पडून राहिल्या.

"मागच्या आठवड्यात तर सगळीच चमकली होती," मॅडम म्हणाल्या.

"मशीन गरम झालं नसेल," सर हसले. "हो की नाही, पंचशीला?"

लोकेश एकाएकी मन लावून चष्मा पुसू लागला. सरांच्या खिशातून तिच्या लेटरच्या लिफाफ्याचं टोक डोकावत होतं. पंचशीलाने त्या टोकाकडे पाहिलं. 'हो' म्हणायला एकच अक्षर लागतं.

"मशीन बरोबर आहे, मॅडम. मागच्या वेळी प्लेटला साबण होता."

सरांनी लिफाफा खिशात खोल ढकलला.

"साबण?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "बस. पहिल्यापासून सांग."

ती बसली. "आमच्याकडे प्लेट भांड्यांच्या साबणाने धुतात, मॅडम," तिने सुरुवात केली.