फळ्यावरची कालची ओळ

साधनामावशीची फिल्म अडली होती, आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये तिचा चहा तसाच निवून गेला होता. दिल्लीजवळच्या मानेसरच्या नव्या कारखान्यांत पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली बोटं गमावणाऱ्या कामगारांवरची ही फिल्म. त्यातल्याच उदयसिंहची दोन बोटं तिथे गेली. सुरक्षा-किरण चालू आहे, हात आत असला की प्रेस थांबते, असं त्याला सांगितलेलं. मग चूक आपलीच, असं तोही मानून बसला होता. किरण मालकच बंद ठेवतो, असा मावशीला संशय होता. पण शूटिंगच्या दिवशी सगळं चोख. पुराव्याशिवाय चॅनेल फिल्म दाखवणार नव्हतं.

अकरा वर्षांची रसिका टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली होती. शोधकथा वाचून वाचून तिला सगळीकडे काळंबेरं दिसे. घरात तिला इन्स्पेक्टरबाईच म्हणत. तिने शूटिंगची टेप तीनदा मागे नेली. अगं, रिमोट झिजेल, मावशी कंटाळून म्हणाली. चौथ्यांदा रसिकाने चित्र थांबवलं.

“मावशी, हा फळा बघ ना.”

कामगारांत चुरस लागावी म्हणून दर तासाचे नग फळ्यावर खडूने लिहीत, आणि तुलनेसाठी कालची ओळ पुसत नसत. नऊ ते दहा, आज ३१०. काल ५९०.

“सेम मशीन, सेम टाइम. मग काल डबल कसे झाले?”

मावशी ताडकन उठली. पिशवी उपडी करून तिने प्रेसची माहितीपुस्तिका शोधली. किरण चालू असताना तासाला जास्तीत जास्त साडेतीनशे नग, असं त्यात स्वच्छ छापलेलं. म्हणजे काल किरण बंदच होता. तिने उदयसिंहचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर सरळ रसिकाच्या हातात दिला. तुझा शोध आहे, तूच सांग, म्हणाली.

रसिकाने एका दमात सगळं सांगितलं.

“हादसे के दिन, उस घंटे में मेरे छह सौ हुए थे,” उदयसिंह हळूच म्हणाला. “मतलब, गलती मेरी नहीं थी?”

“बिल्कुल नहीं, अंकल.”

“रुक, बेटी. घरवाली को बुलाता हूँ. उसको भी बता.”

रसिकाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि फळ्यापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश.