मार्लीसच्या वाढदिवसाची सहल

मार्लीस ही एकहार्टची पहिली बायको; तिचा वाढदिवस मे महिन्यात यायचा. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी एकहार्ट दोन्ही मुलांना घेऊन माग्डेबुर्गहून क्वेडलिनबुर्गला जाई. मुलं लहान होती तेव्हापासूनचा हा नेम. यंदा गाडीत चौथं माणूस होतं, हाइडरून. एकहार्टशी तिचं लग्न होऊन सात महिने झाले होते.

"तूही चल ना," तो आठवडाभर आधी म्हणाला होता. "मुलांना बरं वाटेल."

मुलांना बरं वाटेल याची तिला खात्री नव्हती. पण नाही म्हटलं तर त्याच्या मनात अढी राहणार, म्हणून ती निघाली. फ्रीडरिके सत्तावीसची, कोनराड तेवीसचा. दोघंही तिच्याशी नीट वागायची. दार उघडून धरायची, तब्येत विचारायची. एखाद्या पाहुण्याशी वागावं तसं.

गावात शिरल्या शिरल्या तिघांची पावलं आपोआप वळायला लागली. कुठून कुठे जायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. एका अरुंद गल्लीत लाकडी चौकटीचं एक जुनं घर पार रस्त्यावर झुकलं होतं. कोनराड त्याच्यासमोर थांबला आणि हात जोडून ओरडला, "आजोबा, काठी घ्या हो काठी!"

एकहार्ट आणि फ्रीडरिके खो खो हसली. हाइडरूनही हसली, पण जरा उशिरा.

"काय गंमत आहे?" तिने विचारलं.

"अगं, मार्लीस एकदा या घराला... म्हणजे कोनराड तेव्हा पाच वर्षांचा, आणि त्याला वाटलं..." एकहार्टला पुन्हा हसू फुटलं. "जाऊ दे, सांगून नाही कळायचं. तू असायला हवी होतीस तेव्हा."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो पुढे चालायला लागला.

पुढच्या वळणावर एका दारावरच्या तुळईवर अक्षरं कोरलेली होती, लाल आणि सोनेरी रंगवलेली. हाइडरूनला अशी जुनी अक्षरं लावत बसायला आवडायचं. घर बांधणाऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, साल. सालाचा शेवटचा आकडा पुसट होता. तो दोन की सात हे ठरवायला ती टाचा उंचावून बघत राहिली. मान खाली घेतली तेव्हा गल्ली रिकामी होती.

फोन हातातच होता. एकहार्टचं नाव वरतीच होतं. पण अंगठा तिथवर नेऊन ती थांबली. बघू या, तिच्या मनात आलं, कधी लक्षात येतंय ते. आपल्याच मनातला हा हट्ट बघून तिला लाज वाटली, तरी तिने फोन केला नाही.

ती चौकात आली आणि नगरभवनाच्या पायऱ्यांवर बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. समोर फुलांच्या गाडीवर एक म्हातारा घासाघीस करत होता. पर्यटकांचा एक घोळका आला. त्यातली एक बाई वाकून म्हणाली, "जरा सरकता का? फोटोत येताय."

हाइडरून सरकली.

लग्नाआधी पंचवीस वर्षं ती एकटी राहिली होती. एकटीने फिरायची, एकटीने जेवायची, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तेव्हा कुणी आपल्याला शोधतंय का, हे बघायचं नसायचं.

फोन वाजला तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती.

"अगं, आहेस कुठे?" एकहार्टच्या मागे कपबशांचा आवाज होता. "मला वाटलं तू फ्रीडरिकेबरोबर आहेस. तिला वाटलं माझ्याबरोबर. ये लवकर, गढीच्या खालच्या त्या कॅफेत. तुझंही मागवलंय."

टेबलावर चार बशा होत्या. तिघांचे चीजकेक अर्धेअधिक संपले होते. तिच्या खुर्चीसमोरचा पांढरा शुभ्र तुकडा तसाच होता.

"तुझा बिनमनुकांचा," एकहार्ट उत्साहाने म्हणाला. "सांगून मुद्दाम वेगळा घेतला."

हाइडरूनने काटा उचलला, परत ठेवला. "मला मनुका आवडतात, एकहार्ट."

कोनराडने बशीतले कण बोटाने गोळा केले. एकहार्टचे कान हळूहळू लाल झाले.

"आईला चालायच्या नाहीत," फ्रीडरिके हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि राग होता. तो बापावर की हाइडरूनवर, हे तिलाही ठाऊक नसावं. "राहू द्या ना. आजच्या दिवस."

"दुसरा मागवतो," एकहार्ट उठायला लागला.

"बस. असू दे." हाइडरूनने तो तुकडा खाल्ला, सगळा. चांगला होता. तोंडात मात्र फिरत राहिला.

नंतर चौघंही गढीवर चढली. वरच्या कठड्यापाशी लाल कौलांचं सगळं गाव खाली दिसतं. तिथे दरवर्षी फोटो काढायचा.

"ये, तूही उभी राहा," एकहार्ट म्हणाला.

"मी काढते," ती म्हणाली. कुणी आग्रह केला नाही.

तिने फोन वर धरला. कोनराड एका टोकाला, मग एकहार्ट, आणि फ्रीडरिके दुसऱ्या टोकाला. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"जरा जवळ या की," हाइडरून म्हणाली.

"नको," फ्रीडरिके म्हणाली. "असंच असतं."

हाइडरूनने फोटो काढला. हात हलला असेल म्हणून आणखी एक काढला.

परतीच्या वाटेवर कोनराडला झोप लागली. फ्रीडरिके मागे खिडकीला डोकं टेकून होती. दोन्हीकडे मोहरीची पिवळी शेतं होती. बऱ्याच वेळाने एकहार्ट खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलंच माझं. पुढच्या वर्षी तुला नको असेल तर..."

"पुढच्या वर्षी तुम्ही तिघं जा," ती म्हणाली. "मनापासून सांगते. पण आपण दोघं कुठेतरी जाऊ या. तू कधी गेला नाहीस अशा ठिकाणी."

"वेर्निगेरोडे?" तो म्हणाला आणि त्याने स्वतःच नकारार्थी मान हलवली. "गोसलार... नाही, तिथेही झालंय. हाल्बरश्टाट तर कितीदा." मग त्याला हसू आलं. "आशर्सलेबेन! तिथे नाही गेलो कधी."

"काय आहे तिथे?"

"काहीच नाही. म्हणून तर गेलो नाही."

तीही हसली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्याबरोबर, अगदी वेळेवर.

"गेलोय आपण," मागून फ्रीडरिकेचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता; ती अर्धवट झोपेत होती. "तिथे प्राणिसंग्रहालय आहे. आईने मला वाघ दाखवला होता."

एकहार्टने आरशात मागे पाहिलं. "हो की," तो म्हणाला. "हो की गं."

हाइडरूनने आपल्या बाजूची काच थोडी खाली केली.