धुराचा बडग्या

आमच्या गल्लीचं प्रेम म्हणजे बैलाचं प्रेम. लाडानं चाटायला आलं तरी माणूस आडवा व्हायचा. यंदा आमचे हे थोडक्यात वाचले.

मी प्रेमलता, राहणार महाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे गावाची पिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. आमची गल्ली तिच्यात आपला बडग्या नेते. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, त्याला शिव्या घालत फिरवायचा आणि परत आणून गल्लीच्या तोंडाशी जाळायचा. कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा. जाळायच्या आधी आरोळी द्यायचा मान वामनरावांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. सगळ्या पिडांची नावं एका दमात घ्यायची, मध्ये श्वास तोडायचा नाही. लग्न झाल्यापासून मी ती आरोळी ऐकत आले.

गेल्या हिवाळ्यात दम्यानं त्यांना गाठलं. सकाळी उठले तर ओठ निळे. आमचा जिना एवढा अरुंद, की स्ट्रेचर वळेना. तेव्हा खालच्या पंक्चरवाल्या गोलूनं त्यांना पाठीवर घेतलं आणि पळत सुटला. नावाचाच गोलू, चांगला दोन पोरींचा बाप आहे. हे दवाखान्यात होते तोवर समोरच्या जिजाबाईंनी मला रोज डबा पाठवला. तिखट असं, की कानातून वाफ निघावी, पण डबा चुकला नाही. माझ्या कपाळावरचं कुंकू या लोकांनी राखलं, हे मी कोणालाही सांगेन. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरापासून जपा, पुन्हा असा झटका यांना झेपणार नाही.

आणि पोळ्याच्या दिवशी गोलूनं मला खालून हाक मारली.

"काकू, या, पाहा!"

दोन पुरुष उंच, काळाकुट्ट बडग्या उभा होता. डोकं थर्माकोलचं, दात प्लास्टिकच्या बाटल्यांचे, पोटात ठासून टायर. गळ्यात पाटी : काकाचा श्वास खाणारा धूर.

"दरसाल ओला बांबू पेटत नाही," गोलू म्हणाला. "म्हणून यंदा दुकानातले सारे जुने टायर भरले. पाऊस आला तरी इझत नाही!"

"जाळणार कुठं?"

"तुमच्या खिडकीखाली! काकाले दिसलं पायजे ना."

मी तशीच वर गेले. "अहो, आजच मयुराच्या घरी चला, धरमपेठेत." मयुरा आमची लेक.

"मी नाही येत," हे म्हणाले. दर दोन शब्दांनी थांबत होते. "पोरं माह्यासाठी करून राहिले... अन् मीच पळू? तू त्याईले काही बोलू नको वं. मन मोडते."

"मन मोडलं तं जोडता येते. तुमचा श्वास मोडला तं कुठून आणू?"

त्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. हट्टात आमच्या ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

मी पुन्हा खाली उतरले. ज्याच्या पाठीवरून नवरा दवाखान्यात पोचला त्याच्यावर ओरडायचं कसं? शेवटी एवढंच म्हटलं, "गोलू, तुही पाठ ठीक आहे ना?"

"काहून काकू?"

"उद्या काकाले पुन्हा उतरवा लागते."

त्यानं टायरांकडे पाहिलं, मग आमच्या खिडकीकडे. आणि मटकन खालीच बसला. "बाप्पा! हे तं डोक्यातच नाही आलं."

पण जिजाबाई आडव्या आल्या. "बडग्या जाळल्याबिगर पिडा जात नाही. ठेवला तं परतून वामनरावाच्याच घरात शिरीन." त्यांनाही आमच्या ह्यांचीच काळजी होती, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली, बडग्या परत आला. सगळी गल्ली जमली. आमची खिडकी बंद होती आणि काचेमागे ह्यांचा चेहरा. गोलूनं खिशातून आगपेटी काढली आणि जिजाबाईंच्या हातात ठेवली.

"आजी, तुमीच सांगा."

जिजाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. मग आगपेटी त्यांनी कमरेला खोचली.

"माह्या माहेरी, उमरेडकडं, कोण जाळत होतं?" त्या म्हणाल्या. "दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या अन् ओरडत शिवेबाहेर टाकायच्या. पिडा घरातून निघाली म्हंजे झालं."

एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि प्लास्टिकच्या पुड्यांनी भरलेली पिशवी घेऊन आल्या. "रोज माहा बंब याच्यावर पेटते. हे पयले गल्लीबाहेर काढा."

गोलूचा चेहरा पडला. दुकानात जाऊन त्यानं एक काळा पडलेला डबा ओढत आणला. हिवाळाभर तो त्यात टायरचे तुकडे जाळून हात शेकत असे, आमच्या जिन्याखाली. मग त्यानं बडग्याचं पोट फाडलं आणि एकेक टायर बाहेर काढला.

"दुसऱ्याच्या गल्लीत नका टाकू," मी ओरडले, "नाही तं पुढच्या साली त्याईचा बडग्या आपल्या नावाचा निघीन!" ठरलं, की टायर आणि डबा भंगारवाल्याकडे जातील, पिशवी आणि उरलेला बडग्या कचरागाडीत.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"अन् तुमच्या काकूची... मच्छरची कॉइल?"

सगळी गल्ली हसली. मी पुटपुटत वर गेले आणि कॉइलचं पाकीट घेऊन खाली आले. आमच्याच घरात रोज धूर कोण करतं, हे यांनी चारचौघांत सांगायची काही गरज होती का?

खिडकीत ह्यांनी दोन्ही गज धरले. छाती भरून घेताना दिसले. मी "नका, नका" म्हणतच होते.

"इडा-पिडा, रोगराई, धूर-धुराडा, खोकला-दमा घेऊन जाय गे मारबत!"

आवाज पूर्वीच्या निम्माही नव्हता, पण एका दमात. मग गल्लीनं अशी आरोळी दिली, की चौकातली कुत्री पळाली. गोलू टायरांवर बसून लहान पोरासारखा रडत होता. माझ्या हातात कॉइलचं पाकीट तसंच होतं. त्यासकट मी गल्लीला हात जोडले.